कागद फिरवायचा: घरच्या आकाशकंदिलाच्या नोंदी

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दसरा

पाटीपूजनाच्या पाटावर यंदा मुलांनी आपापली हत्यारं मांडली. थोरलीने कंपासपेटी ठेवली, धाकट्याने लाल मुठीची कात्री. मग बाबा आतून त्यांची जुनी लोखंडी कात्री घेऊन आले. काळी पडलेली, मुठीला चिंधी गुंडाळलेली. तिलाही हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं.

"आबा, तुम्ही ह्या कात्रीने काय कापायचे?" थोरलीने विचारलं.

"कंदील. तुझी आई फ्रॉकमध्ये होती तेव्हा दर वर्षी घरीच व्हायचा."

एवढ्यावर ठरलं. यंदा कंदील विकत आणायचा नाही. वसुबारसेला लागला पाहिजे, म्हणजे हातात पंधरा दिवस आहेत. मधे थोरलीची सहामाही आहे. बाबांचा हात आता थरथरतो, त्यामुळे बांधायचं काम ते करणार नाहीत, सांगणार. थोरली अकरा वर्षांची, धाकटा साडेसहाचा. ही वही मी त्यासाठीच उघडली आहे, कारण बाबांना जे येतं ते कुठेच लिहिलेलं नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

खरेदी. बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या आणल्या. साधारण ७५ सेंटिमीटर लांबीच्या दहा. बाबांनी घरूनच सांगून पाठवलं होतं की कामटी वाकवून बघायची, कडकन मोडली तर जुनी आणि सुकलेली, नुसती वाकून परत सरळ झाली तर घ्यायची. मी दुकानात तसं केलं तेव्हा बुरूडकाकूंनी मान डोलावली आणि आतल्या गठ्ठ्यातल्या काढून दिल्या.

पतंगी कागद पिवळा आणि राणी रंगाचा. पांढरा दोरा. घोटीव कागद घरात आहे, गणपतीच्या मखरातून उरलेला, निळा आणि हिरवा. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली त्या वर्षापासून आमचं मखर पुठ्ठा आणि घोटीव कागदाचं असतं, त्यामुळे माळ्यावर दोन-चार ताव नेहमीच शिल्लक सापडतात.

५ ऑक्टोबर, रविवार

सांगाडा झाला. दिवसभर लागला.

आपला जो नेहमीचा पारंपरिक कंदील, त्याची आखणी इतकी सोपी आहे हे मला आज कळलं. सगळ्या काड्या एकाच मापाच्या. आम्ही २५ सेंटिमीटर घेतलं. अशा चोवीस काड्या लागतात. एका कामटीत तीन बसतात, म्हणजे आठ कामट्यांत काम झालं, दोन उरल्या. आधी चार चौकोन बांधायचे. ते टोकावर उभे करायचे, बर्फीसारखे, आणि टोकाला टोक लावून गोल फिरवून बांधायचे. चौघांची वरची टोकं चार काड्यांनी जोडली की वर एक चौकोन तयार होतो, खालची जोडली की खाली एक. मधल्या फटी आपोआप त्रिकोण होतात, चार वर आणि चार खाली. एकूण सहा चौकोन, आठ त्रिकोण. थोरलीने मोजून वहीत लिहिलं, मग परत मोजलं.

बांधण्याआधी प्रत्येक काडीला काचकागद मारला. बांबूची कूस बोटात घुसली की निघता निघत नाही. ते काम धाकट्याचं होतं आणि त्याने चोवीसच्या चोवीस काड्या घासल्या. सगळ्यांत शेवटची मला परत देताना म्हणाला, "हात फिरवून बघ." खरंच, कुठे म्हणून टोचत नव्हतं.

गाठ अशी: दोन काड्या कोपऱ्यात एकमेकींवर ठेवायच्या, दोरा आधी तिरका तीन वेढे, मग उलटा तिरका तीन, मग दोन काड्यांच्या मधून आडवा दोन वेढे ओढून घट्ट. हा मधला आडवा वेढा विसरला तर गाठ चार दिवसांत सैल पडते. बाबा खुर्चीवरून बघत होते. दोऱ्याचा एक वेढा उलट पडला तरी त्यांना लांबून दिसायचा.

सगळं बांधून झालं तरी सांगाडा डुलत होता, एका बाजूला दाबला की दुसरीकडे पसरायचा. चौकोन स्वतःहून ताठ राहत नाही, त्रिकोण राहतो. म्हणून वरच्या आणि खालच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक आडवी काडी घातली. ही मात्र लांब लागते, साडेपस्तीस सेंटिमीटर. उरलेल्या कामट्या इथे कामी आल्या. बल्ब वरच्या काडीला टांगता येईल. उभ्या चौकोनांचं डुलणं कागद लागला की थांबतं, असं बाबा म्हणतात.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

काम नाही. मसाला दूध.

८ ऑक्टोबर, बुधवार

थोरली अभ्यासाला बसली, म्हणून आज फक्त धाकटा आणि मी. घडी घालून जाळी कापायचा सराव, जुन्या वर्तमानपत्रावर.

चौकोन घ्यायचा, अर्धा करायचा, परत अर्धा. चार पदर. ज्या कोपऱ्यात एकही पान सुटं नाही तो जाळीचा मधला बिंदू. त्या कोपऱ्याला लागून ज्या दोन कडा आहेत त्या बंद. बंद कडेवर अर्धी पाकळी कापली की उघडल्यावर पूर्ण पाकळी होते. पण बंद कड अख्खी कापून टाकली तर उघडायला काही उरतच नाही, हातात सुटे तुकडे येतात. हे त्याला सांगितलं नाही. त्याने तसं कापलं, तुकडे हातात आले, मग त्याने स्वतः दोन घड्या न्याहाळल्या आणि पुढच्या वेळी कडेवर जागा सोडली.

अडलं ते दुसरीकडेच. कात्री कापेना. पदर चार होते म्हणून मी दोन केले, मग एकच पान दिलं. तरी तेच. दोन पात्यांच्या मधे कागद मुडपायचा, कापला जायचाच नाही. कापला तर कड अशी कुरतडल्यासारखी. तो कात्री जास्त जोरात दाबायचा, ओठ आवळून, आणि कागद आणखी मुडपायचा.

हे मी नव्याने बघत नाहीये. पहिलीपासून त्याच्या हस्तकलेच्या वहीत "कात्रीकाम अस्वच्छ" असा शेरा आहे. मीही त्याला "नीट धर, घाई करू नकोस" हेच सांगत आले.

बाबा म्हणाले, "तू घे बरं ती कात्री डाव्या हातात."

घेतली. माझाही कागद मुडपला.

मग आम्ही दोघांनी कात्री दिव्याखाली धरून नीट बघितली. कुठलीही साधी कात्री टोकं पुढे करून धरली की उजव्या बाजूचं पातं वर असतं. उजव्या हाताने दाबताना अंगठा आणि बोटं आपल्या नकळत पात्यांना बाजूनेही दाबतात, आणि त्या दाबाने दोन पाती एकमेकांना घासून बसतात. म्हणून कापलं जातं. डाव्या हातात तोच दाब उलटा होतो, पाती एकमेकांपासून फाकतात, मधे केसाएवढी फट राहते, आणि कागद त्या फटीत शिरून मुडपतो. शिवाय वरचं पातं नेमकं डाव्या हाताने कापणाऱ्याच्या नजरेआड रेघ झाकून टाकतं. माझा मुलगा दोन वर्षं न दिसणारी रेघ कापत होता, फाकलेल्या पात्यांनी.

त्याला जवळ घेतलं. सांगितलं की चूक कात्रीची आहे. तो म्हणाला, "मग त्या शेऱ्याचं काय?"

ह्याचं उत्तर मला देता आलं नाही. पालकसभेत मी बोलणार आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डावखुऱ्यांची कात्री शोधायला तीन दुकानं. पहिल्या दोघांकडे नव्हती. तिसऱ्याने "दोन्ही हातांची" म्हणून एक दाखवली. मूठ दोन्हीकडे सारखी, बोटांना छान बसणारी, पण टोकं पुढे करून बघितली तर वरचं पातं उजवीकडेच. नुसती मूठ बदलून काही होत नाही, पाती उलट बसवलेली असावी लागतात. ज्यांच्या घरी डावखुरं मूल आहे त्यांनी दुकानात एवढं एकच बघावं: टोकं पुढे, डावं पातं वर. आणि साधी कात्री उलटी धरूनही ती डाव्या हाताची होत नाही, हे मी करून पाहिलं.

शेवटी ऑनलाइन मागवली. रविवारी येईल.

११ ऑक्टोबर, शनिवार

थोरलीचा शेवटचा पेपर काल झाला. आज कागद कापायला सुरुवात.

चौकोन सोपे. बाजू २५ आणि चिकटवायला चारी बाजूंनी एकेक सेंटिमीटर, म्हणजे २७ चा चौकोन. असे चारच लागतात, वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. वरून गरम हवा जाते, खालून बल्ब लावायला हात जातो.

त्रिकोणांत फसलो. थोरली म्हणाली की चौकोन तिरका दुमडून कापला की दोन त्रिकोण मिळतात, आणि तिने माझ्या देखत आठ कापूनही टाकले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सांगाड्यावर ठेवले तेव्हा एक बाजू हातभर बाहेर लोंबत होती. चौकोनाच्या अर्ध्याची तिरकी बाजू ३५ सेंटिमीटर होते, आणि आपल्याला तिन्ही बाजू २५ च्या हव्यात. ती रडकुंडीला आली, पतंगी कागदाचे दोन ताव गेले होते.

बाबांनी तिला पट्टी आणि कंपास बाजूला ठेवायला लावले आणि कागदाची घडीच घालून दाखवली. ती इथे नीट लिहून ठेवते. २५ सेंटिमीटर रुंद कागद घ्यायचा. उभा मधोमध दुमडून उलगडायचा, मधली घडी दिसली पाहिजे. आता खालचा डावा कोपरा उचलायचा आणि त्या मधल्या घडीवर नेऊन टेकवायचा, पण असा की दुमडीची रेघ खालच्या उजव्या कोपऱ्यातूनच निघाली पाहिजे. कोपरा मधल्या घडीला जिथे टेकला तिथे पेन्सिलीचं टिंब. कागद उलगडायचा आणि ते टिंब खालच्या दोन्ही कोपऱ्यांना जोडायचं. झाला तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण. थोरलीने पट्टीने मोजला. तिन्ही २५.

"असं कसं आलं?" ती म्हणाली.

"कोपरा उचलून ठेवला तरी बाजूची लांबी बदलते का?" बाबा म्हणाले. ती बराच वेळ कागद दुमडत-उलगडत बसली, आणि मग एकदम "अय्या" म्हणाली. मला वाटतं तिला सहामाहीतल्या भूमितीपेक्षा जास्त ह्या पाच मिनिटांत कळलं.

ह्या त्रिकोणाला भोवती एक सेंटिमीटर वाढवून पुठ्ठ्याचा साचा केला, त्यावरून आठ नवे कापले. चुकलेले आठ ठेवून दिले आहेत, झिरमिळ्यांना होतील.

१२ ऑक्टोबर, रविवार

कात्री आली. हिरव्या मुठीची.

धाकट्याने खोकं फोडलं, कागदाचा एक कपटा घेतला आणि एकदाच कापलं. कर्र असा आवाज आला. त्याने कड डोळ्यांजवळ नेऊन बघितली. मग कपट्यामागून कपटे कापत सुटला, अर्धा तास, नुसते सरळ काप. मी अडवलं नाही. फरशीभर कागदाचा कचरा झाला होता आणि तो मधे बसून त्या आवाजाकडे कान देऊन कापत होता.

दुपारी जाळ्या. बाबांचा लहानपणापासूनचा एकच नियम आहे, मलाही त्यांनी हाच शिकवला: कात्री जागेवर ठेवायची, कागद फिरवायचा. वळण आलं की मनगट वळवायचं नाही, दुसऱ्या हाताने कागद कात्रीच्या तोंडात वळवत न्यायचा. पात्यांची टोकं पूर्ण मिटायची नाहीत, मिटली की तिथे कोपरा पडतो आणि गोलाई तुटते.

गोल कापताना धाकटा परत अडला. बाबा सांगत होते, "कापत कापत उजवीकडून वर जा," म्हणजे घड्याळाच्या उलट. त्याला ते जमेना, हात स्वतःच्याच हातावर आडवा यायचा. मग बाबा थांबले, स्वतःचा डावा हात हवेत फिरवून बघितला आणि म्हणाले, "अरे, तुला उलट. घड्याळासारखं जा." आणि गोल झाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने आपला आयुष्यभराचा नियम तिथल्या तिथे उलटा करून बघितला, हे मला फार आवडलं.

वाटणी अशी झाली. चौकोनांवरच्या चार जाळ्या धाकट्याच्या, निळ्या घोटीव कागदाच्या, चार पदरी घडी. त्रिकोणांवरच्या आठ थोरलीच्या, हिरव्या. त्रिकोणाची घडी सहा पदरांची होते: प्रत्येक टोकातून समोरच्या बाजूच्या मध्यावर एक, अशा तीन घड्या पाडून मग पंख्यासारखी मिटवायची. घोटीव कागदाचे सहा पदर तिला जड जात होते, म्हणून तिने आधी बारीक छिद्रं आणि मग बाहेरची कड असा क्रम लावला. छिद्रं आधी का, तर कागद मोठा असेपर्यंत धरायला जागा असते.

घडी उघडायचा क्षण. बाबा "सावकाश" म्हणतात आणि दोघंही श्वास रोखतात. धाकट्याच्या दुसऱ्या जाळीत चार मासे निघाले, तोंडाला तोंड लावलेले. त्याने मासे ठरवले नव्हते, त्याने नुसते वाकडे काप घेतले होते. तिसऱ्या जाळीत एक पूल तुटला आहे, एका पाकळीचं देठ अर्धवट लोंबतं. मला ते मागून चिकटवावंसं वाटलं. हात पुढेही गेला. तो म्हणाला, "ती तशीच आहे." तशीच ठेवली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

खळ शिजवली. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. पूर्वी खळीत मोरचूद घालायचे, बुरशी आणि किडे लागू नयेत म्हणून. ते विष आहे आणि ह्या खळीत दोन मुलांची बोटं जाणार आहेत, म्हणून अजिबात घातलं नाही. फ्रिजमध्ये झाकून ठेवली की तीन-चार दिवस राहते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पिवळा कागद चार चौकोनांवर लागला. कामटीला खळ बोटाने, कागदाला नाही. एक सेंटिमीटरची कड आत वळवून काडीभोवती दाबायची. बोट मधून कडेकडे फिरवायचं.

मग राणी रंगाचे त्रिकोण. खळ लागली आणि रंग सुटला. थोरलीची बोटं, तिच्या बोटांवरून पिवळा कागद, दोन चौकोनांवर गुलाबी डाग. स्वस्तातला पतंगी कागद ओला झाला की रंग सोडतो हे मला ठाऊक असायला हवं होतं. आधी एका कपट्यावर ओलं बोट फिरवून बघायचं, एवढंच करायचं होतं. आता बघितलं: पिवळा सुटत नाही, राणी सुटतो.

राणी कागद सगळा काढला. थोरली गप्प झाली, तो रंग तिने निवडला होता.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

त्रिकोणही पिवळेच. डाग पडलेले दोन चौकोन बदलले. राणी कागद वाया गेला नाही: ओला करायचाच नाही असं काम म्हणजे झिरमिळ्या. कालचे आणि ते चुकलेले त्रिकोण दोन्ही मिळून, बोटभर रुंदीच्या पट्ट्या, वर दोन बोटं सोडून, थोरलीने कापल्या. खालच्या चौकोनाच्या काड्यांना त्या कोरड्या वळवून दोऱ्याने बांधल्या. वाऱ्याने तोच रंग सगळ्यांत आधी दिसतो.

पिवळा कागद सुकल्यावर थोडा सैल वाटत होता. बाबांनी पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायला सांगितला. दोन्ही मुलं घाबरली, मीही. पण पिवळा रंग सोडत नाही हे आता माहीत होतं. फवारा मारला, कागद आधी लोंबला, सुरकुतला, आणि पंख्याखाली सुकत सुकत ताणला गेला. धाकट्याने टिचकी मारली. हलगीसारखा वाजला. आणि सांगाड्याचं डुलणं थांबलं, बाबा म्हणाले होते तसं.

त्यावर जाळ्या. फक्त टोकांना आणि मधे खळीचे ठिपके.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

संध्याकाळी लावला. पाच वॅटचा एलईडी बल्ब, पिवळ्या उजेडाचा. आमच्या लहानपणी चाळीसचा साधा बल्ब असायचा आणि पाडव्यापर्यंत वरचा कागद तपकिरी व्हायचा. नवऱ्याने होल्डर वरच्या काडीला बांधला, वायर ताणली जाणार नाही अशी सैल गाठ ठेवून. बल्ब कागदापासून चारी बाजूंनी वीतभर लांब आहे.

दिवसा निळ्या आणि हिरव्या जाळ्या सुंदर दिसत होत्या. दिवा लागल्यावर रंग गेले, सगळं काळं आणि पिवळं झालं, आणि कापलेली रेघ न रेघ दिसायला लागली. खाली अंगणात जाऊन बघितलं. मासे ओळखू येतात. तुटलेल्या देठाची पाकळी थोडी पुढे आली आहे, तिची सावली पिवळ्या कागदावर हलते.

बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले, जेवायला दोनदा बोलवावं लागलं.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

पहाटे अभ्यंगाला उठलो तेव्हा रात्रभर चालू राहिलेला कंदील अजून जळत होता. उटण्याचा वास आणि बाहेर तो पिवळा उजेड. दवाने एका त्रिकोणाची कड सुटली आहे, खळ ओलसर लागते. दुपारी परत चिकटवली. पुढच्या वर्षी गॅलरीच्या बाहेर न टांगता छताखाली, किंवा बाहेरच्या कडांना खळीऐवजी चांगला गोंद.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली, आज उतरवला. पिवळा कागद फिका पडला आहे, तो काढून टाकला. सांगाडा ठणठणीत आहे, एकही गाठ सुटली नाही, तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर. जाळ्या थोरलीने ओल्या बोटाने ठिपके भिजवून सोडवल्या. बारापैकी अकरा अख्ख्या निघाल्या, त्या तिने भूमितीच्या वहीत ठेवल्या.

बारावी, तुटक्या देठाची, धाकट्याने मागून घेतली आणि हस्तकलेच्या वहीत स्वतः चिकटवली, शेऱ्याच्या समोरच्या पानावर. परवा पालकसभा आहे. वही मी बरोबर नेणार आहे, आणि हिरवी कात्रीही.